न घेतलेला तिसरा फेरा

"विमान बंद पडलं काय गं तुमचं?"

टिळकवाडीत आमच्या गल्लीच्या तोंडाशी रोज सकाळी भाजीची गाडी लागते. तिथं कोथिंबिरीची जुडी झटकत उभ्या असलेल्या शेजारच्या काकूंनी मला हे विचारलं. स्कूटर बंद पडावी तसं विमान बंद पडलं, आणि ते कुठंतरी लोंढ्याजवळ उभं करून मी चालत घरी आले, असं काहीतरी त्यांच्या डोळ्यांसमोर असावं. मी म्हटलं, "विमान धड आहे काकू. मीच बंद पडलेय."

जगभरातली विमानं जमिनीवर बसली, त्या वर्षाची ही गोष्ट. मी तेव्हा पंख्यांच्या एका छोट्या प्रवासी विमानावर कॅप्टन होते. डावीकडची खुर्ची मिळून फार दिवस झाले नव्हते. खांद्यावरच्या चौथ्या पट्टीची आरशात अजून सवय व्हायची होती, तोवर कंपनीनं निम्म्या पायलटांना घरी पाठवलं. याला इंग्रजीत फर्लो म्हणतात. शब्द ऐकायला एखाद्या बेकरीतल्या पदार्थासारखा गोड आहे. अर्थ असा, की तुमची नोकरी गेलेली नाही, पण काम नाही, पगार नाही आणि परत कधी बोलावणार तेही माहीत नाही. नवरा परदेशी गेलाय आणि पत्ता ठेवला नाही, तशी अवस्था.

बाहेरच्या लोकांना एक गोष्ट माहीत नसते. वकिलाची सनद कपाटात ठेवली तरी सनदच राहते. पायलटचं लायसन दुभत्या म्हशीसारखं असतं. रोजच्या रोज धार काढली नाही तर आटतं. ठरावीक मुदतीत वैद्यकीय तपासणी, सिम्युलेटर नावाच्या खोट्या विमानातली परीक्षा, आणि काही मोजके टेकऑफ-लँडिंग झाले नाहीत, तर तुम्ही कॅप्टन असा नाहीतर आणखी कोणी, प्रवासी घेऊन उडता येत नाही. त्यामुळं घरी बसलेल्या पायलटला नुसती नोकरी शोधून चालत नाही. लायसन जिवंत राहील अशी नोकरी शोधावी लागते, आणि तीही लवकर.

सल्ले देणारे पुष्कळ होते. पुण्याचे दाजी म्हणाले, कॉम्प्युटरचा काहीतरी कोर्स कर. मामांनी सरकारी परीक्षांची पुस्तकं पाठवली. निपाणीच्या आत्यानं फोनवर सांगितलं, "बरं झालं बघ. आता लगीन करून घे, मोकळीच हाईस."

निपाणीचं जरा सांगायला हवं, कारण माझं घरी येणं माझ्या एकटीचं नव्हतं. आमचं मूळ घर तिथलं. आप्पांची, म्हणजे माझ्या वडिलांची, आई तंबाखूच्या वखारीत काम करायची. आप्पा शिकले, बँकेत लागले, बेळगावला बदली झाली आणि टिळकवाडीत स्थिरावले. मी पायलट झाले तेव्हा निपाणीच्या विहारात माझा सत्कार झाला होता. वस्तीच्या चौकात माझा टोपी घातलेला फोटो इतका मोठा लागला होता, की माझ्या नाकाखालून रिक्षा जायच्या. आता त्याच वस्तीत जायचं म्हटलं की मी काहीतरी निमित्त काढून टाळायचे.  आप्पाही सकाळी फिरायला जाताना आता टिळकवाडीतल्या चौकाच्या रस्त्यानं न जाता मागच्या बोळातून जायला लागले होते. ते मला आत्याच्या सल्ल्यापेक्षा जास्त लागायचं.

माझ्यासमोर तीन वाटा होत्या. एक, कंपनी बोलावेल म्हणून थांबायचं. दोन, परदेशातल्या एका विमान कंपनीचा करार घ्यायचा. तिकडं माणसं घेत होते, पण एकदा गेलं की कधी परतता येईल याचा भरवसा नव्हता, आणि आईचं नुकतंच गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. तिसरी वाट आप्पांच्या ओळखीतून आली. बसवराज अण्णा म्हणून उद्यमबागेत फौंड्री असलेले एक गृहस्थ होते. आप्पांच्या बँकेचे जुने खातेदार. त्यांनी दोन भागीदारांबरोबर एक आठ आसनी जुनं विमान घेतलं होतं आणि त्यांना पायलट हवे होते.

विमान कंपनीतला पायलट मालकाच्या विमानाकडं जरा नाक मुरडूनच बघतो. मीही मुरडलं. मग आईनं विचारलं, "उडायला मिळतंय न्हवं?" मी म्हटलं, मिळतंय. "मग नाक घरात ठेवून जा."

अण्णा मूळचे कन्नड. पण बेळगावात चाळीस-पन्नास वर्षं काढलेला कन्नड माणूस बोलतो तसं मराठी बोलायचे, वाक्याच्या शेवटी 'री' लावून. पांढरी विजार, पांढरा शर्ट, कपाळाला विभूती, आणि हातात कायम लोखंडाचा एखादा तुकडा. पहिल्याच आठवड्यात ते एका पंपाचं ओतीव कवच घेऊन विमानाशी आले. गिऱ्हाइकाला नमुना दाखवायचा होता. दोन माणसांनी उचलून आणलेलं ते धूड त्यांना खिडकीजवळच्या खुर्चीवर पट्टा बांधून बसवायचं होतं.

मी म्हटलं, "अण्णा, एवढं वजन एका बाजूला चालणार नाही. आणि आज माणसंही पूर्ण आहेत."

अण्णांनी मागं वळून बरोबर आलेल्या भाच्याकडं पाहिलं. "तू उतर रं. तुला काय दाखवायचं हाय तिथं?"

भाचा उतरला. कवच खाली, मधोमध, जाळीनं बांधून गेलं. परत येताना अण्णा खुशीत होते. "मॅडम री, त्याच्यापेक्षा ह्याचं वजन उपयोगाचं निघालं."

माझ्याबरोबर उजवीकडच्या खुर्चीत लोबो सर असायचे. गोव्याचे. परदेशात प्रचंड मोठ्या विमानांचे कॅप्टन होते. माझ्या वयाएवढा त्यांचा अनुभव असेल. त्यांच्या कंपनीनं फर्लोचंही नाटक केलं नाही, सरळ काढून टाकलं. या छोट्या विमानाचं प्रशिक्षण माझं आधी झालं, म्हणून मी कॅप्टन आणि ते सहवैमानिक. पहिल्या दिवशी मला इतका संकोच वाटला, की मी त्यांना खुर्ची देऊ केली. ते म्हणाले, "बस गं. माझं दुःख खुर्चीचं नाही. त्या विमानात मला संडास होता."

कंपनीच्या विमानात प्रवासी आणि पायलट यांच्यामध्ये कुलूपबंद दार असतं. दारापेक्षाही मोठी गोष्ट म्हणजे एक अख्खं ऑफिस असतं. उतरायचं नाही असं मी ठरवलं, तर कोण्या प्रवाशाला माझं नावही कळत नाही. अण्णांच्या विमानात आमच्या दोघांच्या मागं फक्त एक निळा पडदा होता. बऱ्याचदा तोही उघडाच. ज्यांच्या पगारावर माझं घर चालतं ते माझ्या पाठीला गुडघा लागेल इतक्या अंतरावर बसलेले. या धंद्याची सगळी अडचण त्या पडद्यात आहे, हे मला श्रावणातल्या एका दुपारी कळलं.

त्याआधी अव्वांबद्दल सांगते. अव्वा म्हणजे अण्णांची आई. विमान घेतल्यावर एकदा त्या ते बघायला सांबऱ्याला, बेळगावच्या विमानतळावर, आल्या होत्या. विमानाच्या नाकाला त्यांनी तीन बोटांनी विभूती ओढली. मग माझ्याकडं वळून कन्नडमध्ये विचारलं, "ऊट आयता?" जेवलीस का. मी म्हटलं, व्हायचंय. तेव्हा त्यांनी अण्णांना सगळ्यांसमोर झापलं. पोरीला उपाशी ठेवून विमान चालवायला लावतोस? त्या दिवसापासून विमानात भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि दह्याचा डबा यायला लागला. तो थेट अव्वांकडून. लोबो सर म्हणायचे, एवढ्या कंपन्या फिरलो, पण असं केटरिंग कुठं मिळालं नाही.

त्या दुपारी आम्ही कोइम्बतूरला होतो. अण्णांच्या बहिणीचा, गिरिजाक्कांचा फोन आला. अव्वांना दवाखान्यात नेलंय, श्वास लागलाय, डॉक्टर म्हणतात असेल तिथून या. अण्णा विमानतळावर आले तेव्हा त्यांच्या हातात लोखंड नव्हतं. "चला री," एवढंच म्हणाले.

बेळगावची हवा मी निघण्याआधी पाहिली होती. ढग खाली होते, पण उतरता येईल असे. हुबळी मोकळं होतं. विमान निघताना नेहमी दुसरं गाव धरून निघायचं असतं. इथं नाही जमलं तर तिथं. मी हुबळी धरलं.

बेळगावजवळ आलो तेव्हा ढग आणखी खाली बसला होता. उतरताना पायलटला एक उंची ठरवून दिलेली असते. त्या उंचीपर्यंत यंत्रांच्या भरवशावर यायचं. तिथं समोर धावपट्टी किंवा तिचे दिवे दिसले तर पुढं जायचं. दिसले नाहीत, तर दिसतील या आशेवर एक फूटही खाली सरकायचं नाही. जोर लावून वर यायचं. याला दोष नाही, शरम नाही. पायलटच्या शिक्षणात हे पहिल्यांदा शिकवतात आणि शेवटपर्यंत विचारतात.

पहिला फेरा. ठरलेली उंची आली. लोबो सर म्हणाले, "काही नाही." समोर धुतलेल्या पाटीसारखं करडं. मी वर आले.

मागून अण्णांचा आवाज आला. "काय झालं?"

"दिसलं नाही अण्णा. पुन्हा बघते."

दुसरा फेरा. पुन्हा काही नाही. वर येता येता उजवीकडं ढगाला एक भोक पडलं आणि खाली हिरवी शेतं, एक पत्र्याचं छप्पर, ओला रस्ता, सगळं लख्ख दिसलं. अण्णांनीही पाहिलं. त्यांनी पडदा बाजूला केला आणि माझ्या खुर्चीच्या पाठीला धरून उभे राहिले.

"दिसतंय की री खाली! सांबरा हाय ते. आमच्या गड्याचं रान हाय तिथं. आणखी एकदा जावा."

धुक्यातल्या बसमध्ये खिडकीशी बसलेल्याला रस्त्याकडेचं गवत दिसतं. ड्रायव्हरला समोरचा रस्ता दिसत नसतो. खाली दिसणं आणि पुढं दिसणं यात एवढा फरक आहे. पण हे त्या वेळी, त्या माणसाला कसं सांगायचं?

मी टॉवरला विचारलं. ढग उठायचं काही चिन्ह नाही, ते म्हणाले. शिवाय हुबळीकडंही आता खालचे ढग सरकायला लागलेत. टाकीत आणखी एका फेऱ्यापुरतं आणि मग हुबळीपर्यंत जाण्यापुरतं इंधन होतं. पण हुबळी बंद झालं तर? विमानात आम्ही पाच जण होतो. दोन फेरे झाले, हवा सुधारत नसेल तर तिसरा नाही, हा नियम माझ्या जुन्या कंपनीचा. अण्णांच्या विमानाला असा काही नियम नव्हता. तिथं नियम म्हणजे मी.

मी लोबो सरांकडं पाहिलं. ते समोरच्या घड्याळांकडं बघत होते. "कॅप्टन तू," ते म्हणाले. नजर तिथून हलवली नाही.

"अण्णा, बसून घ्या. हुबळीला जातेय."

"मॅडम री." त्यांचा आवाज एकदम लहान झाला. "अव्वा हाय खाली."

"माहीत आहे अण्णा. बसा."

हुबळीला उतरलो. गाडी सांगून ठेवली होती. अण्णा पायऱ्या उतरले आणि मागं न बघता चालत गेले. वाटेत कित्तूरजवळ त्यांना फोन आला. अव्वा गेल्या होत्या.

इथंच संपलं असतं तरी एक वेळ मनाला समजावता आलं असतं. पण आम्ही हुबळीला इंजिन बंद केल्यावर थोड्याच वेळात सांबऱ्यावरचा ढग उठला. आणि बंगळूरहून येणारं प्रवासी विमान तिथं व्यवस्थित उतरलं. हे मला लोबो सरांनी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी मलाच कळलं. तोपर्यंत ते सगळ्या बेळगावला कळलं होतं.

घरी मी जेवले नाही. आप्पा खुर्ची ओढून समोर बसले. म्हणाले, "तुझं बरोबर की चूक ते मला कळत न्हाय. पण माणूस गेलंय त्यांच्या घरातलं. जाऊन तोंड दाखवून ये. न्हाय गेलीस तर चूकच हाय म्हणतील."

मी गेले. बैठकीत सतरंजीवर माणसं बसली होती. बायकांच्या घोळक्यातून कुणीतरी विचारलं, ह्याच काय त्या? मी गिरिजाक्कांच्या शेजारी बसले. त्यांनी माझा हात हातात घेतला. मला वाटलं धीर देतायत. मग म्हणाल्या, "एक विचारू? ते दुसरं विमान कसं उतरलं मग?"

"आक्का, ते आलं तेव्हा ढग उठला होता."

"मग जरा थांबायचं होतं की वर."

माझ्याकडं उत्तर होतं. इंधन, हुबळीचे ढग, टॉवरचं बोलणं. हे सगळं मी परीक्षकासमोर बसून बिनचूक सांगितलं असतं.  त्या सतरंजीवर मी नुसती मान खाली घातली. आक्कांनीही हात सोडला नाही. 

निघताना अण्णा दारापर्यंत आले. डोकं उघडं, दाढी वाढलेली. चपला घालताना मी म्हटलं, "अण्णा, मला..."

त्यांनी हात वर केला. "मॅडम री, मी फौंड्रीवाला हाय. साचा ओला असला तर लोखंडाचा रस ओतत न्हाईत. ओतला तर उडतोय, माणसं भाजत्यात. गिऱ्हाईक दारात उभं असू दे, मी न्हाय ओतत. तुम्ही काय केलं ते मला कळतंय."  मग म्हणाले, "पण कळून काय करू, सांगा."

मी दुसरी चप्पल पायात सरकवली आणि निघाले. 

अण्णांनी मला कामावरून काढलं नाही. महिन्याभरात पुन्हा उड्डाणं सुरू झाली. हैदराबाद, कोइम्बतूर, पुणे. पण विमानात आता पडदा कायम ओढलेला असायचा आणि त्याच्यामागून आवाज यायचा नाही. पूर्वी अण्णा मधेच डोकं घालून विचारायचे, हे बटण कशाचं, ते गाव कुठलं. आता उतरलो की "आयतु," झालं म्हणजे, एवढंच म्हणून निघून जायचे. भाकरीचा डबा गिरिजाक्का पाठवायच्या. 

अशातच लोबो सरांनी सोडायचं ठरवलं. हैदराबादला सिम्युलेटरवर शिकवायची नोकरी त्यांना मिळाली. शेवटच्या दिवशी सांबऱ्याच्या गेटबाहेरच्या टपरीवर आम्ही चहा घेत होतो. ते एकदम म्हणाले, "त्या दिवशी मी तुझ्या खुर्चीत असतो ना, तर तिसरा फेरा घेतला असता."

मी कप खाली ठेवला.

"माझी आई गेली तेव्हा मी समुद्रावर होतो. मधोमध. बातमी उतरल्यावर कळली. त्या दिवशी अण्णा मागं उभे होते ना, मला ते दिसतच नव्हते. मी मला बघत होतो. म्हणून गप्प बसलो. तोंड उघडलं असतं तर 'जा' म्हणालो असतो. आणि मी 'जा' म्हटल्यावर तू गेली असतीस."

"नसते गेले," मी म्हटलं. पण मला खात्री नव्हती, आणि ते त्यांनाही कळलं.

"एवढी वर्षं मी विमान चालवायला शिकलो," ते म्हणाले. "मागं आपलं माणूस उभं असताना 'नाही' कसं म्हणायचं, हे मला कुणी शिकवलं नाही. नियम शिकवले. तू शिकव कुणाला तरी. तुला जमेल."

मी ते हसण्यावारी नेलं. पण काही दिवसांतच माझ्या जुन्या कंपनीचा फोन आला. फर्लो संपलाय, या परत. सुरुवातीला उजवीकडच्या खुर्चीत बसावं लागेल, विमानं कमी आहेत, नंतर बघू. घरात सणासारखं झालं. आप्पांनी निपाणीला फोन लावला. दुसऱ्या दिवशी मी पाहिलं, ते फिरायला चौकाच्या रस्त्यानं गेले.

आणि मी मात्र खिडकीशी बसून राहिले. ज्या फोनची वाट बघत होते तो आला होता, आणि मला हो म्हणवत नव्हतं. माझ्या मनात काय चाललंय ते मला फार हळूहळू कळलं. कंपनीतलं दार मला परत हवं होतं. कुलूपबंद. ज्याच्यामागं कोण बसलंय ते मला कधी कळणार नाही, असं. त्यात वाईट काही नाही. ते दार प्रवाशांच्या भल्यासाठीच असतं. पण मी त्याच्याकडं निघाले होते ते लपायला. आणि अण्णांकडं राहिले असते तर रोज त्यांच्या घरातलं दुःख त्यांच्याच समोर खुर्चीत बसवून नेलं असतं.

सांबऱ्यालाच विमान चालवायला शिकवणारी एक शाळा आहे. मी तिथं जाऊन विचारलं. शिक्षकाचं वेगळं लायसन काढावं लागतं, पुन्हा परीक्षा, पुन्हा अभ्यास. म्हणजे पुन्हा पहिलीपासून. मी हो म्हणून आले.

आप्पांना सांगितलं तेव्हा ते चष्मा पुसायला लागले. "मोठं विमान सोडून लहान," ते म्हणाले. "लोकं विचारतील."

"तुम्ही काय सांगाल?"

"मास्तरीण झाली म्हणून सांगतो." मग जरा हसले. "आमच्या वस्तीत पायलटपेक्षा मास्तरला जास्त मान हाय, तुला माहीत न्हाय."

अण्णांना सांगायला मी फौंड्रीत गेले. भट्टीजवळ उभे होते. माझं बोलणं ऐकून त्यांनी विचारलं, "अव्वामुळं चाललाय काय?"

खोटं बोलायची ती जागा नव्हती. "थोडं तसंही आहे अण्णा."

त्यांनी मान हलवली. "मग जावा. मी तुम्हाला थांबवायला पायजे, पण न्हाय थांबवत. विमानात बसलो की पुढं तुमची पाठ दिसती, आणि मला तो ढग दिसतो. तुमची चूक न्हाय त्यात. माझी पण न्हाय." भट्टीचा आवाज वाढला म्हणून ते जवळ आले. "पोरांना चांगलं शिकवा री. आणि जेवत जावा वेळेवर."

आता शाळेत आहे. दोन माणसांच्या एवढ्याशा विमानात शिकाऊ पोरांच्या शेजारी बसून सांबऱ्याभोवती गिरक्या घालते. कधीकधी माझ्या जुन्या कंपनीचं विमान येतं. टॉवर आम्हाला सांगतो, थांबा, त्यांना आधी उतरू द्या. मी थांबते. त्या विमानाची डावी खुर्ची बघायला मान वळतेच. सवय जात नाही, आणि हळहळही पूर्ण जात नाही. हे खोटं लिहिण्यात अर्थ नाही.

गेल्या हिवाळ्यात अश्विनी नावाच्या माझ्या विद्यार्थिनीचं पहिलं एकटीचं उड्डाण होतं. बेळगावजवळच्या येळ्ळूरची मुलगी. त्या दिवशी शिक्षक विमानातून उतरतो आणि विद्यार्थी आयुष्यात पहिल्यांदा एकटा वर जाऊन एक चक्कर मारून येतो. परत आला की त्याच्या अंगावर बादलीभर पाणी ओततात, अशी आमच्यात रीत आहे. तिच्या घरची सगळी मंडळी भाड्याची ट्रॅक्स जीप करून आली होती. आई, वडील, काका, आत्या, शेजारची दोन घरं. कुंपणापलीकडं ओळीनं उभी. कुणाच्या हातात हार, कुणाच्या हातात मोबाइल.

मी पट्टा सोडला आणि दार उघडलं. उतरणार एवढ्यात अश्विनी वाऱ्याची दिशा दाखवणाऱ्या झोळीकडं बघत म्हणाली, "मॅडम, वारा आडवा यायलाय."

मी पाहिलं. येत होता. पण शिकाऊंसाठी जी मर्यादा आहे तिच्या आतच होता. मी 'जा' म्हटलं असतं तर ती गेली असती आणि बहुधा नीट उतरलीही असती.

"तुला काय वाटतं?"

तिनं कुंपणाकडं पाहिलं. तिचे काका हात हलवत होते. मग तिनं पुन्हा झोळीकडं पाहिलं आणि म्हणाली, "आज नको मॅडम."

"इंजिन बंद कर," मी म्हटलं.

कुंपणापर्यंत आम्ही दोघी चालत गेलो. आत्या पुढं झाली. "का गं, जमंना व्हय तुला?"  मीच म्हटलं, "जमतंय. चांगलं जमतंय. आज वारा बरोबर नाही म्हणून तिनं नको म्हटलं. तिनंच ठरवलं, मी नाही."

मंडळींचे चेहरे उतरले. मोबाइल खिशात गेले. तिच्या वडिलांनी टोपी काढून डोकं खाजवलं, झोळीकडं बघितलं, मग लेकीकडं.

"उद्या पडंल काय वारं?"

"सांगता येत नाही," मी म्हटलं.

"मग उद्या येतो. न्हाय पडलं तर परवा येतो." त्यांनी ट्रॅक्समधून कुंद्याच्या मिठाईचा खोका काढला, दोरा तोडला आणि कुंपणाच्या वरून आधी माझ्यापुढं धरला. "ह्ये आज खाऊन टाकूया. उद्या ताजा आणतो."